मंडळाचा पडदा आणि आमची भीती

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास तीन गोष्टी हव्याच असतात : भाद्रपदातला गणपती, दिवाळीतला अंक आणि वर्षाकाठी एखादे तरी मराठी नाटक वा चित्रपट. पहिल्या दोहोंविषयी आमच्यात मतभेद नाहीत. तिसरीविषयी मात्र नुकताच एक प्रसंग असा घडला की, त्यावर चार शब्द लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

प्रसंग एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीतला. कोणते मंडळ, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचकांनी आपापल्या मंडळाचे नाव तेथे घालून पाहावे, बहुधा ते बरोबर बसेल. वार्षिक कार्यक्रमात कोणता चित्रपट दाखवावा, हा विषय निघाला. एका तरुण सभासदाने 'साबर बोंडं' हे नाव सुचविले. रोहन परशुराम कानवडे यांचा हा चित्रपट. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्या महोत्सवात प्रथम दाखविला गेलेला हा पहिलाच मराठी कथापट. त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्याकडील चित्रगृहांतही लागला. वडील वारले म्हणून मुंबईहून गावी आलेला एक तरुण, दहा दिवसांचे सुतक, "लग्न कधी करणार?" म्हणून पाठीस लागलेले नातलग आणि लहानपणापासूनचा एक मित्र. त्या मित्राशी त्याचे जे नाते आहे ते मैत्रीहून अधिक आहे. चित्रपटाची गोष्ट ती एवढीच.

नाव ऐकताच बैठकीत थोडी शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ सभासद सौजन्याने म्हणाले, "चित्रपट चांगलाच असेल हो. पण आपल्या मंडळाचे वातावरण घरगुती आहे." इतिवृत्तात नोंद झाली की, 'सदर विषय पुढील बैठकीसाठी राखून ठेवण्यात आला.' सरकारी दप्तरात उमर घालविलेल्या आमच्या वाचकांस या वाक्याचा अर्थ सांगावयास नको. नस्ती बंद करण्याचा तो सर्वांत सभ्य मार्ग आहे.

आणि त्या जागी दाखविले काय? 'अशी ही बनवाबनवी'! १९८८ चा हा चित्रपट आम्हांलाही प्रिय आहे. त्यातले संवाद आम्हांलाही मुखोद्गत आहेत. भाड्याची जागा मिळावी म्हणून दोन पुरुष साड्या नेसतात आणि आपल्या दोन मित्रांच्या बायका म्हणून त्या घरात वावरतात. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे सभागृह पोट धरधरून हसले. घरगुती वातावरणास कोठेही तडा गेला नाही. तेव्हा निष्कर्ष असा निघतो की, पुरुषाने पुरुषाची बायको होऊन दाखविले आणि आपण हसलो, तर ते घरगुती. परंतु एका पुरुषाचे दुसऱ्यावर खरोखरीच प्रेम आहे आणि आपण हसावयाचे नसून पाहावयाचे आहे, असे कोणी म्हटले, तर वातावरण बिघडते. आमचा आक्षेप हसण्याला नाही. हसण्यापुरतीच जागा देण्याला आहे.

समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा साऱ्यांना मिळून आजकाल 'क्वीअर' म्हणतात. त्यांच्या जीवनावरचे चित्रपट एकत्र बसून पाहण्याची चाल आपल्या देशात आता नवी राहिलेली नाही. मुंबईत २०१० साली श्रीधर रंगायन यांनी 'कशिश' हा महोत्सव सुरू केला आणि तोही आडबाजूच्या खोलीत नव्हे, माहिती व नभोवाणी मंत्रालयाची रीतसर परवानगी घेऊन मोठ्या चित्रगृहात. पुढे २०१४ पासून काही वर्षे तो मरीन लाइन्सच्या जुन्या, देखण्या लिबर्टीत भरला. आमच्या या बंगळुरात २००९ च्या सुमारास सुरू झालेला क्वीअर चित्रपट महोत्सव स्वयंसेवकांनी, लोकांच्या देणग्यांवर, तिकीट न लावता अनेक वर्षे चालविला. वसंतनगरातल्या अलियाँस फ्राँसेजचे सभागृह त्याने गाजविले. त्यात कोणी धनिक नव्हता, कोणी मंत्री नव्हता. वर्गणी, सतरंज्या, खुर्च्या, प्रक्षेपक आणि रात्री सारे आवरून झाडू मारणारी चार मुले. मंडळाचे काम केलेल्या माणसास हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हे आपले नव्हे. हे पश्चिमेचे खूळ. आक्षेपकांस आम्ही नम्रपणे विचारतो, सौंदत्तीची यल्लमा कोणत्या पश्चिमेकडून आली? देवीला वाहिलेला, लुगडे नेसून जग डोक्यावर घेतलेला जोगता कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्या मराठी माणसाने पाहिलेला नाही? त्याच्या आयुष्यावरचा राजीव पाटील यांचा 'जोगवा' २००९ साली आला. उपेंद्र लिमये यांना त्यातील भूमिकेबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ज्या कर्नाटकात आम्ही आज राहतो, तेथे याच यल्लमेच्या परंपरेतील मंजम्मा जोगती जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि त्यांना पद्मश्रीही मिळाली. येथलाच 'नानु अवनल्ल... अवळु' हा एका पारलिंगी स्त्रीच्या आत्मचरित्रावर बेतलेला कन्नड चित्रपट. त्यातील भूमिकेसाठी संचारी विजय या नटास राष्ट्रीय पारितोषिक लाभले.

मराठी रंगभूमीने तर हा विषय केव्हाच हाती घेतला होता. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ चे. स्त्रीवर प्रेम करणारी एक महाविद्यालयीन तरुणी आणि तिची होत गेलेली कोंडी तेंडुलकरांनी तेव्हा रंगमंचावर आणली. लगेच पुढच्या वर्षी जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या परस्परांविषयीच्या ओढीचा प्रसंग आला. त्याकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी आज कोणास अपुरी वाटेल. परंतु दृष्टी वळविलेली नव्हती, हे महत्त्वाचे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरी २००६ ची, आणि ती पुण्यातल्या एका साध्या मराठी घरात घडते. चाळीस वर्षांहून अधिक काळ जे मराठीत लिहिले, खेळले, वाचले गेले, ते परकीय कसे? खरे परकीय आहे ते आपले अज्ञान. बदलीच्या गावी येताना आपण मसाल्याच्या बरण्या जपून आणल्या. तेंडुलकर मात्र वाटेत कोठेतरी सांडले.

दुसरा आक्षेप मुलांचा. मंडळात लेकरे येतात, त्यांच्यावर काय संस्कार होतील? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ देऊ. चित्रपटास ज्या वयाचे प्रमाणपत्र असेल, ते काटेकोर पाळावे. लहानांसाठी शेजारच्या खोलीत गोष्टी-खेळ ठेवावेत. गेल्याच संमेलनात आठ-दहा वर्षांच्या मुलींना नऊवारी नेसवून 'नटरंग'मधल्या लावण्यांवर नाचविणाऱ्या आपल्या मंडळींना एवढी व्यवस्था जड जाऊ नये. आणि संस्काराचेच म्हणाल, तर एक गोष्ट आम्ही पुष्कळदा मनाशी घोळविली आहे. त्या लेकरांतलेच एखादे उद्या मोठे होऊन आपण इतरांसारखे नाही, असे ओळखेल. तेव्हा त्याला आपल्या मंडळाविषयी काय आठवेल? साडी नेसलेल्या पुरुषावर सारे कसे हसले, तेच? की अमुक एका संध्याकाळी आपले आईबाप, काका-काकू दोन तास गप्प बसून तसल्याच एका मुलाची गोष्ट पाहत होते, ते? संस्कार दोन्ही आहेत. निवड आपली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर. "ज्याला पाहावयाचे त्याने घरी, आपल्या फोनवर पाहावे. कोण अडवितो?" वरकरणी हे उदार वाटते. परंतु याच उदारपणाची एक गोष्ट आपल्यापैकी एका माणसाच्या आयुष्यात घडून गेली आहे, आणि ती आठवल्यावाचून या विषयावर कोणा मराठी चाकरमान्याने बोलू नये, असे आमचे मत आहे.

प्राध्यापक रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरकडचे. मराठीचे कवी, 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे मराठी शिकविले आणि तेथील आधुनिक भारतीय भाषांच्या विभागाचे ते प्रमुखही झाले. घरापासून शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या शहरात, संस्थेने दिलेल्या निवासात एकटा राहणारा मराठी माणूस. वाचकहो, हे वर्णन तुमचे आहे, आमचेही आहे. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासमवेत त्यांचे चित्रण केले. शिक्षा कोणाला व्हावी? घर फोडणाऱ्याला की घरधन्याला? विद्यापीठाने घरधन्यालाच निलंबित केले. त्यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली; १ एप्रिलला न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. वय चौसष्ट, निवृत्ती काही महिन्यांवर आलेली.

"घरात काय ते करा" या तत्त्वाचे पालन सिरसांइतके कोणी केले असेल? ते घरातच होते. दार लोटलेले होते. पण ज्याला समाजाने केवळ घराच्या चार भिंती दिल्या आणि बाहेर, चारचौघांत, बसावयास जागा दिली नाही, त्याच्या भिंतींनाही किंमत राहत नाही. दार फोडणाऱ्यास ठाऊक असते की, या माणसाच्या बाजूने शेजारी उठणार नाहीत. तो हिशेब करूनच दार फोडतो. म्हणून "घरी पाहा" हे उत्तर आम्हांस उदार वाटत नाही. ते आम्हांस भित्रे वाटते. आणि या भित्रेपणात आम्ही स्वतःस वगळीत नाही. त्या वर्षी आम्ही महाविद्यालयात होतो. ती बातमी आम्ही वाचली होती. मराठीचा प्राध्यापक, एवढे वाचून क्षणभर थबकलोही होतो. आणि मग पान उलटले होते.

हंसल मेहता यांनी सिरसांवर 'अलीगढ' हा चित्रपट केला. २०१६ च्या फेब्रुवारीत तो प्रदर्शित झाला. मनोज बाजपेयी यांनी सिरसांची भूमिका केली. मंडळाने नकार दिल्यानंतर चामराजपेटेतल्या आमच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, भिंतीवर पांढरी चादर ताणून आम्ही काही स्नेह्यांसह तो पाहिला. अकरा माणसे होती. खुर्च्या सहा, बाकीचे सतरंजीवर. एक गृहस्थ असे आले की, ज्यांची आमची ओळख केवळ गणपतीच्या आरतीपुरती. ते दाराजवळ बसले. पायातल्या चपला त्यांनी बाहेर काढल्या नाहीत. पिशवीत घालून जवळ ठेवल्या, जणू कोणत्याही क्षणी उठावे लागेल. ते उठले नाहीत. चित्रपट संपला, दिवा लागला, चहा झाला. जाताना त्यांनी एवढेच विचारले, "मंडळात हा कधी दाखविणार?" मंडळाने नकार दिला आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी पिशवीतून चपला काढल्या, पायात घातल्या आणि म्हणाले, "मग मी तिथे वर्गणी कशाची भरतो?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेव्हा देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच एक प्रयत्न आहे.

चौथा आक्षेप आमच्या पेशाचा. आपण पडलो सरकारी नोकर. वादग्रस्त गोष्टीत कशाला पडा? १९९८ साली 'फायर'च्या वेळी मुंबई-दिल्लीच्या चित्रगृहांत मोडतोड झाली होती, ती आठवते ना? आठवते. परंतु त्यानंतर पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सज्ञानांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तो गुन्हा कायमचा पुसून टाकला. २०२३ च्या ऑक्टोबरात विवाहास मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला, हेही खरे; पण त्यानंतर या जोडप्यांच्या अडचणी पाहण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये खुद्द केंद्रीय अर्थमंत्रालयाने स्पष्ट केले की, अशा व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नोंदविण्यास कोणतीही आडकाठी नाही.

आम्ही कारकून आहोत; परिपत्रक वाचणे हाच आमचा व्यवसाय. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम १९६४ चे आहेत, आणि प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट खुर्चीवर बसून पाहू नये, असे त्यांत कोठेही लिहिलेले आम्हांस आढळले नाही. सरकार सावकाश चालते, अशी टीका आपण सारे चहाच्या टपरीवर करतो. त्या सरकारच्याही मागे राहण्याचा पराक्रम आपल्या मंडळांनी करून दाखविला आहे. सेवापुस्तकातला 'कुटुंब' हा रकाना काही माणसांना आजही रिकामा सोडावा लागतो. तो रकाना बदलणे आपल्या हाती नाही. पण रविवारी सायंकाळी कोणता चित्रपट लावावयाचा, हे तर आहे?

आणि शेवटी ज्या भूमीवर उभे राहून आम्ही हे लिहीत आहोत, तिच्याविषयी. चामराजपेट ही १८९२ साली वसलेली, महाराज चामराजेंद्र वडियारांच्या नावाची वसाहत. येथेच कन्नड साहित्य परिषदेचे मुख्य ठाणे आहे. १९४३ साली शिमोग्यास भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद द. रा. बेंद्रे यांच्याकडे गेले. त्यांच्या घरातली बोली मराठी होती. त्यांना कोणी परके म्हटले नाही. येथल्याच फोर्ट हायस्कूलच्या मैदानात श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमीचा संगीतोत्सव १९३९ पासून चालत आला आहे. उन्हाळ्याच्या रात्री त्या मांडवात आम्ही कितीदा बसलो आहोत. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने आमची भाषा, जात, गाव काही विचारलेले नाही. थोडे सरकून जागा मात्र दिली आहे.

परप्रांतातला मराठी माणूस हा रोज कोणाच्या तरी सरकून दिलेल्या जागेवर जगत असतो. आपल्या मुलांना मराठी यावी, गणपतीला रस्ता मिळावा, आपल्या बोलण्याला कोणी हसू नये, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. मोजके असणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही आपल्यातल्याच मोजक्यांसाठी सरकण्याची वेळ आली की, आपण पाय पसरून बसतो. असे वागण्याचा अधिकार इतर कोणास असेल. बदलीच्या नोकरीवाल्यास नाही.

आमची मागणी मोठी नाही. मंडळाने झेंडे लावावेत, घोषणा द्याव्यात, असे आम्ही म्हणत नाही. वर्षातून एक चित्रपट. 'साबर बोंडं' दाखवा, 'जोगवा' दाखवा, 'अलीगढ' दाखवा. तो रीतसर हक्क घेऊन, रीतसर वयोमर्यादेने, इतर कोणत्याही चित्रपटासारखा सूचनाफलकावर नाव लावून दाखवा. 'विशेष कार्यक्रम' म्हणून कुजबुजत नव्हे. चित्रपटानंतर कोणीही उठून "आपल्यात असे कोणी आहे का?" हा प्रश्न विचारू नये. ज्याला सांगावयाचे तो सांगेल, ज्याला नाही त्याने गुपचूप बटाटेवडा खाऊन घरी जावे. पाहिलेला चित्रपट आवडला नाही, तर तसे खुशाल म्हणावे. वाईट चित्रपट वाईटच असतो, तो कोणाविषयीचा आहे याने तो चांगला ठरत नाही. आणि हळदीकुंकवाला वा गणपतीला आलेल्या पस्तिशीच्या मुलाला "काय, लाडू कधी?" असे विचारणे त्या एका वर्षापुरते तरी थांबवून पाहावे.

विषय पुढील बैठकीसाठी राखून ठेवला आहे, असे इतिवृत्त म्हणते. उत्तम. पुढील बैठक होईल तेव्हा आम्ही हजर राहू आणि तो विषय पुन्हा मांडू. आरतीपुरती ओळख असलेले ते गृहस्थही, आम्हांस आशा आहे, येतील. या खेपेस त्यांना चपला पिशवीत घालून दाराशी बसावे लागू नये, एवढे पाहणे ज्येष्ठ सभासदांच्या हाती आहे.